७६ फ्रिज फोडायला लावणारा साहेब

परवा शाहपुरात शेजारी हायरचा नवा फ्रिज आला. खोक्यावर पत्ता रांजणगाव, पुणे! काकूंनी विचारलं, "चिनी कंपनी ना? टिकेल का?"

मला लगेच हायर घडवणारे झांग रुईमिन आठवले. १९८४मध्ये ते चीनमधल्या चिंगदाओ शहरातल्या, डबघाईला आलेल्या फ्रिज कारखान्याचे प्रमुख झाले; तोच पुढे हायर झाला. पुढच्याच वर्षी गोदामात ७६ फ्रिज सदोष निघाले. कामगार म्हणाले, आम्हालाच स्वस्तात द्या. झांगनी घण मागवला आणि बनवणाऱ्यांनाच ते फोडायला लावले. फ्रिज तेव्हा तिथे चैनीची वस्तू होती, कामगारांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मला त्याहून मोठं वाटतं ते त्यांचं २००५चं पाऊल. 'रनदानहयी', म्हणजे कर्मचारी थेट ग्राहकाशी जोडलेला. पुढे त्यातूनच स्वतः निर्णय घेणाऱ्या, नफ्यात वाटा असलेल्या छोट्या तुकड्या तयार झाल्या.

तुमच्या दुकानात, पॉवरलूमवर अशा तुकड्या जमतील का? शंका असतील तर बिनधास्त विचारा.