रांगते मूल आणि फडताळ

मूल रांगू लागले की घरात आनंद होतो. पण त्याचा हात कुठवर पोचतो, हे आपण पाहतो का? चला, एकदा जमिनीवर बसून घर पाहू या.

चुलीमागे घासलेट. मोरीत फिनेल. कोपऱ्यात फवारणीचे औषध, तेही सरबताच्या बाटलीत! अशी घरे आम्ही पुष्कळ पाहिली. ही खोड फार वाईट. बाटली ओळखीची दिसली की मूल ती तोंडाला लावते. फवारणीचे औषध त्याच्या मूळ डब्यातच असावे, अन् घराबाहेर कुलपात.

घासलेट, फिनेल, काड्यापेटी यांसाठी एक फडताळ करून घ्यावे. मोठ्या माणसाच्या खांद्याइतके उंच, भिंतीत बसवलेले. दाराला कडी हवीच, अन् ती वरच्या अंगाला. खाली पेटी किंवा स्टूल ठेवू नका. मूल त्यावर चढते. काचेचे दार दिसते छान, पण आम्ही म्हणू, लाकडीच बरे. डाळ-तांदूळ मात्र या फडताळात नकोत.

घरात उभे कपाट असेल, तर ते लोखंडी पट्टीने भिंतीला पक्के करा. मूल खणावर पाय देते अन् कपाट अंगावर येते. मोरीतली बादली पालथी घाला. वीतभर पाण्यातही मूल बुडते.

इतके करूनही मूल घासलेट प्यालेच तर? आजी म्हणेल, मिठाचे पाणी पाजा, ओकू द्या. तसे मुळीच करू नये. ओकताना घासलेट फुप्फुसात जाते. १०८ ला फोन करा. बाटली बरोबर घ्या आणि तडक दवाखाना गाठा.