तपकिरी रंगातलं पीटर्सबर्ग

झारशाहीच्या अखेरच्या वर्षांतला रशिया पडद्यावर येतो तो बहुधा मेजवान्या, दागिने आणि रासपुतीन यांना सोबत घेऊन. एलेम क्लिमोवचा ‘अगोनिया’ त्यातला सर्वांत तापलेला. १९७५ साली पुरा झालेला हा चित्रपट सोव्हिएत प्रेक्षकांना दिसायला १९८५ उजाडलं. पण त्यातली सडकी व्यवस्था राजवाड्यात आहे; सामान्य घरातला प्रेक्षक तिच्याकडे लांबून बघू शकतो.

दिग्दर्शक आलेक्सेई बालाबानोव ही सोय ठेवत नाही. ‘प्रो उरोदोव इ ल्युदेय’ (१९९८), म्हणजे ‘विद्रूपांविषयी आणि माणसांविषयी’, घडतो विसाव्या शतकाच्या आरंभीच्या पीटर्सबर्गमध्ये, दोन सभ्य घरांत. एकात विधुर इंजिनिअर राद्लोव आणि त्याची मुलगी लीझा. दुसऱ्यात डॉक्टर स्तासोव, त्याची अंध पत्नी आणि दत्तक घेतलेली जोडशरीराची जुळी मुलं. शहरातल्या एका तळघरात योहान नावाचा माणूस बायकांना फटके मारतानाचे नग्न फोटो काढवून विकतो. हे फोटो आधी मोलकरणींमार्फत घरात शिरतात, मग खुद्द योहान येतो आणि बैठकीच्या खोलीत ठाण मांडतो. दार फोडावं लागत नाही, कारण आत गिऱ्हाईक आधीपासून आहेच.

सेर्गेई अस्ताखोवच्या छायाचित्रणातली तपकिरी छटा आणि मूकपटासारख्या पाट्या यांमुळे सगळं जुन्या अल्बमसारखं देखणं दिसतं. हे देखणेपण मुद्दाम आहे, आणि मला ते फार धाडसी वाटतं. आपण वास्तू, नदी, पोशाख निरखत असतो आणि त्याच डोळ्यांनी कॅमेऱ्यासमोरचा लीझाचा छळही बघतो. सेर्गेई माकोवेत्स्कीचा योहान शांतपणे गाजर खातो. त्याचा साथीदार झालेल्या व्हिक्तोर सुखोरुकोवचं हसू तर कधी मावळतच नाही.

फोटोंची जागा हलती चित्रं घेतात, तेव्हा बालाबानोव स्वतःच्या कलेकडेही बोट दाखवतो. तळघरातला तरुण छायाचित्रकार पुतीलोव पुढे नामांकित चित्रपटकार होतो. लीझा परदेशी जाते, सुटते, आणि तिथे स्वतःहून चाबकासमोर उभी राहते. याला तिची सुप्त इच्छा म्हणावं की अंगात भिनवलेली सवय? मी सवय म्हणेन. कारण योहान भेटण्याआधी ती खिडकीतून आगगाड्या बघत निघून जाण्याची वाट पाहत होती.

या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शनासाठी ‘निका’ पुरस्कार मिळाले. हा चित्रपट येण्याच्या आदल्या वर्षी बालाबानोवनेच ‘ब्रात’मध्ये नव्वदीतलं पीटर्सबर्ग दाखवलं होतं, जिथे माणसाचा जीव बाजारभावाने तोलला जातो. दोन्ही चित्रपट पाठोपाठ पाहिले की शतकाचं अंतर फार मोठं वाटत नाही. त्याचाच २००८ सालचा ‘मॉर्फिन’ १९१७च्या सुमाराचा. तो अधिक रक्ताळलेला आहे, तरी मला ‘उरोदोव’ जास्त भयंकर वाटतो: ‘मॉर्फिन’मधल्या डॉक्टरकडे निदान नशेची सबब आहे, या घरांमधल्या माणसांकडे तीही नाही.