म्हातारी ऐकू येत नाही

ऑर्केस्ट्राचा स्कोअर आडवा वाचतात आणि उभाही. आडवा वाचला की एकेक वाद्य काय वाजवतंय ते कळतं. उभा वाचला की एका क्षणी सगळे मिळून काय वाजवताहेत ते कळतं. सगळ्यात वर फ्लूट, तिच्याखाली ओबो, क्लॅरिनेट, बासून, मग हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्युबा, टिंपनी आणि तळाशी व्हायोलिनपासून डबल बेसपर्यंतची तंतुवाद्यं. हौशी माणसाने लिहिलेला स्कोअर जाणत्याच्या हाती पडला की त्याची नजर आधी उभी फिरते, हे मी अलीकडे अगदी शेजारी बसून पाहिलं.

स्कोअर माझ्या मित्राचा. तो बँकेत नोकरी करतो. लहानपणी व्हायोलिन शिकला होता, पण वाद्यवृंदासाठी लिहायला शिकला तो पुस्तकांतून. रिम्स्की-कोर्साकोव्हचं वाद्यवृंदरचनेवरचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९१३ साली छापलं गेलं. त्यातली उदाहरणं मित्राने एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवून काढली. म्यूझस्कोअर नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. त्यात सूर लिहिले की तो ते वाजवूनही दाखवतो आणि अलीकडच्या आवृत्त्यांत इतके खरे आवाज आले आहेत की अनोळखी माणसाला हे रेकॉर्डिंगच वाटावं. लोकलच्या प्रवासात आणि रात्री घरातले झोपल्यावर बसून त्याने आठेक मिनिटांची रचना पुरी केली. विषय म्हणजे लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेत भेटलेला वाघ आणि परतीचा भोपळा. ही गोष्ट ज्याला सांगावी लागेल असा मराठी माणूस मला अजून भेटलेला नाही.

ज्यांना दाखवायची ते मूळचे गोव्याचे आणि आता माहीमला राहणारे. तारुण्यापासून हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये व्हायोलिन वाजवलेले. आम्ही त्यांना सर म्हणतो. मुंबईच्या सिनेसंगीतात गोव्याचे वादक इतके का, याचं उत्तर गोव्याच्या चर्चशाळांत आहे. पोर्तुगीज काळात तिथे मुलांना मेस्त, म्हणजे चर्चचा संगीतशिक्षक, नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवायचा. त्या शिक्षणावर पुढे सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस असे अरेंजर उभे राहिले. मजोर्ड्याच्या गोन्साल्विसांनी तर १९५८ साली मोठा वाद्यवृंद जमवून रागांवर आधारलेल्या आपल्या रचना मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले होते. सरांसारख्या माणसाला नुसत्या कागदावरून आवाज ऐकू येतो तो या परंपरेमुळे. समोर नोटेशन ठेवायचं, एकदा वाजवून बघायचं आणि लगेच टेक, अशी त्यांची नोकरी होती.

मित्राने लॅपटॉप उघडला आणि गोष्ट सांगायला सुरुवात केली. सरांनी हात वर केला. ‘‘गोष्ट नंतर. आधी छापलेला कागद दे. आणि तो आवाज बंद ठेव.’’

गोष्ट आधी सांगायची की नाही, हा कथेवर रचलेल्या संगीताचा जुनाच प्रश्न आहे. बर्लिओझने १८३० साली पॅरिसमध्ये आपली ‘सिंफनी फँटास्टिक’ सादर करताना श्रोत्यांना कथानक छापून वाटलं होतं. पुढे त्यानेच लिहून ठेवलं की सिंफनी एकटीच वाजवायची असेल तर भागांची नावं पुरेत, कथानक वाटलं नाही तरी चालेल. रिम्स्की-कोर्साकोव्हने ‘शेहेराझाद’च्या चारही भागांची कथासूचक नावं नंतरच्या आवृत्तीतून काढून टाकली. उलट प्रोकोफिएव्हने १९३६ साली मॉस्कोच्या बालप्रेक्षकांसाठी ‘पीटर अँड द वुल्फ’ लिहिताना निवेदकच बसवला. बदक म्हणजे ओबो, मांजर म्हणजे क्लॅरिनेट, लांडगा म्हणजे तीन हॉर्न, हे मुलांना आधीच सांगून टाकलं. दोन्ही वाटा खऱ्या. पण अभिप्राय देणाऱ्याने गोष्ट न ऐकता स्कोअर बघावा, हे सरांचं म्हणणं मला पटलं. गोष्ट कळल्यावर कान उदार होतो. जे कागदावर नाही तेही त्याला ऐकू यायला लागतं.

सर पेन्सिल घेऊन पानं उलटू लागले. कुठे मान डोलवत, कुठे बोटांनी मांडीवर ताल धरत. मधल्या एका पानावर थांबले. तिथे ट्रॉम्बोन, ट्युबा आणि टिंपनी तीन-तीन ‘एफ’च्या जोरात वाजत होते आणि सगळ्यात वरच्या ओळीवर फ्लूट एकटीच, खालच्या सप्तकात, एक लांबलचक वाक्य म्हणत होती.

‘‘ही कोण?’’

‘‘म्हातारी,’’ मित्र म्हणाला. ‘‘वाघ डरकाळी फोडतोय आणि ती त्याला समजावतेय.’’

‘‘म्हातारी ऐकू येत नाही.’’

मित्राने लॅपटॉपवर तो भाग वाजवला. फ्लूट स्वच्छ ऐकू येत होती. सर शांतपणे म्हणाले, ‘‘तिथे तिचा आवाज तू बटणाने वाढवलास. हॉलमध्ये बटण नसतं, बाबा.’’

ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. फ्लूटच्या वरच्या सप्तकातला सूर अख्ख्या वाद्यवृंदावरून पलीकडे जातो, पण तिचं खालचं सप्तक मऊ, श्वासाने भरलेलं आणि दुबळं असतं. वादकाने कितीही जोर लावला तरी ते एका मर्यादेपुढे वाढत नाही. ओबोचं बरोबर उलट. त्याचे अगदी खालचे सूर जाड आणि ठसठशीत निघतात, ते हळू वाजवणंच कठीण. म्हणजे पानावर दोन वाद्यांपुढे जोराची तीच खूण असली तरी हॉलमध्ये जोर सारखा नसतो. कॉम्प्युटर ती खूण आकड्यासारखी वाचतो. वादक ती आपल्या फुप्फुसांनी आणि मनगटाने वाचतो. कॉम्प्युटरवर लिहायला शिकलेल्या आजच्या पिढीची सगळ्यात मोठी फसगत इथे होते, असं माझं ठाम मत आहे.

मित्र म्हणाला, फ्लूट एक सप्तक वर नेतो. सरांना ते नको होतं. वर नेली तर ती तरुण मुलगी होईल, म्हणाले. खाली आहे तेच तिचं वय आहे. मग त्यांनी पहिल्यांदाच पूर्ण गोष्ट सांगायला लावली. ऐकून झाल्यावर थोडा वेळ गप्प राहिले आणि विचारलं, ‘‘वाघाने तिला खाल्लं का नाही?’’

‘‘तिने सांगितलं, परत येताना जाडजूड होऊन येते, तेव्हा खा.’’

‘‘म्हणजे त्याने ऐकलं. जो ऐकतो तो ओरडत असेल का?’’

पेन्सिलीने त्यांनी ट्रॉम्बोनच्या चार बारांभोवती गोल काढला आणि बाजूला लिहिलं: आधी. डरकाळी आधी येऊन संपू दे. मग फक्त डबल बेस, एकच खालचा सूर, गज तारेवर थरथरत ठेवून, अगदी हळू. वाघ तिथेच आहे, भुकेला आहे, कान देऊन उभा आहे. त्या सुरावर म्हातारीने बोलावं. वर दुसरं काही नको, व्हायोलिन नको, हॉर्न नको.

मित्र त्या पानाकडे बघत राहिला. आवाजाचा तोल सांभाळायला म्हणून केलेली सूचना गोष्टीच्या मर्मावर जाऊन पोचली होती. लहानपणापासून ऐकलेल्या त्या कथेत वाघ ऐकून घेतो म्हणून म्हातारी वाचते, हे माझ्याही तोवर कधी लक्षात आलं नव्हतं.

पुढे काही पानांवर भोपळा उड्या मारू लागतो. पहिली व्हायोलिनं बोटांनी तारा छेडत टुणूक करतात आणि पुढच्याच ठोक्याला गजाने लांब सूर धरतात. सरांनी स्वतःचं व्हायोलिन काढलं आणि ती जागा वाजवून दाखवली. छेडताना गज तळव्यात धरून तर्जनी मोकळी सोडावी लागते. पुन्हा गज तारेवर आणायला हाताला क्षणभर लागतोच. या लयीत तो क्षण मिळत नव्हता. उपाय सोपा निघाला. छेडण्याचं काम दुसऱ्या व्हायोलिनांकडे, गजाचं पहिल्यांकडे. ऐकणाऱ्याला तेच संगीत आणि वाजवणाऱ्याचा हात मोकळा.

परतीच्या वाटेवर मित्राने म्हातारीची आधीचीच चाल आधीसारखीच फ्लूटवर ठेवली होती. सरांनी विचारलं, ‘‘आता ती कुठे बसलीय?’’ उत्तर मित्राने स्वतःच शोधलं. ती चाल व्हियोलांना दिली, घोडीवर म्यूट चढवून. म्यूट लावला की तारेचा झळाळ जातो आणि सूर आतून आल्यासारखा, झाकलेला येतो. सरांनी त्या ओळीखाली काहीही लिहिलं नाही, फक्त एकदा पेन्सिल टेकवली आणि पान उलटलं.

कोणाचा अभिप्राय घ्यावा आणि कसा, याची सगळ्यात बोलकी कहाणी रशियात सापडते. सेंट पीटर्सबर्गमध्ये बालाकिरेव्हभोवती जमलेले संगीतकार जवळजवळ सगळे हौशी. बोरोडिन रसायनशास्त्रज्ञ, क्युई लष्करी अभियंता, रिम्स्की-कोर्साकोव्ह आरमारात अधिकारी. रिम्स्कीने आपल्या पहिल्या सिंफनीचा संथ भाग जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याला असताना लिहिला आणि बालाकिरेव्हला टपालाने पाठवला. त्या मार्गदर्शनातून एक मोठा संगीतकार घडला हे खरंच. पण त्याच मंडळातला मुसोर्ग्स्की, सरकारी नोकरीत असलेला, १८६७च्या उन्हाळ्यात डोंगरावर जमणाऱ्या चेटकिणींच्या रात्रीवर एक रचना पुरी करून आला. बालाकिरेव्हला ती पटली नाही. बदल केल्याशिवाय वाजवणार नाही, म्हणाला. मुसोर्ग्स्कीने हट्ट सोडला नाही. ती चेटकिणींची रात्र वाद्यवृंदाकडून ऐकायला न मिळताच तो १८८१ साली वारला. १८८६ साली रिम्स्कीने स्वतःच्या पद्धतीने फिरवून लिहिलेलं रूप गाजलं. मूळ स्कोअर छापून यायला १९६८ साल उजाडलं. आज तो ऐकताना त्याचा खडबडीतपणा हेच त्याचं बळ वाटतं. बालाकिरेव्हला आपल्या मनातली रचना दुसऱ्याच्या हातून हवी होती, असं मला वाटतं. सरांनी मित्राच्या चालीतला एकही सूर बदलला नाही. कुठे कोण वाजवेल आणि तो ते वाजवू शकेल का, एवढंच ते विचारत राहिले.

पुढचं काम वाचनाचं. एका शाळेच्या हॉलमध्ये सरांच्या ओळखीचे काही तंतुवादक, एक फ्लूटवादक मुलगी आणि एक क्लॅरिनेटवादक जमले; बाकीच्या जागा सरांनी पियानोवर भरल्या. क्लॅरिनेटवाल्याचा पार्ट बघून मित्राने सुटकेचा श्वास सोडला, कारण त्या वाद्यासाठी सगळं एक स्वर वर चढवून लिहावं लागतं आणि ते बरोबर निघालं होतं. चेलोवाल्यांनी तक्रार केली की ऐन धावपळीत पान उलटावं लागतं. असं पान तोडायचं असतं ते विश्रांतीच्या जागी, आणि ही बाब कोणतंही पुस्तक डोक्यात ठसवत नाही इतकी ती तक्रार ठसवते.

मग वाघाची जागा आली. डबल बेस एकच होता, पण त्याचा थरथरता सूर जमिनीतून आल्यासारखा हॉलभर पसरला. मुलीने म्हातारीचं वाक्य सुरू केलं आणि मध्येच तोडलं. ‘‘सॉरी दादा, इथे श्वास कुठे घेऊ? तुम्ही सगळं एका कमानीखाली लिहिलंय.’’

खालच्या सप्तकात फ्लूटला हवा फार लागते. मित्र कागदावर जागा शोधू लागला. ती मुलगीच म्हणाली, ‘‘म्हातारी आहे ना ती? चालून चालून दमलेली. मग थांबत थांबत बोलू दे की तिला.’’ आणि तिने ते वाक्य तीन तुकड्यांत वाजवलं. प्रत्येक तुकड्यानंतर ऐकू येईल असा श्वास. मधल्या पोकळीत फक्त वाघाचा सूर. हॉलच्या कडेला बसलेल्या कोणा वादकाची शाळकरी मुलगी आईला हळूच म्हणाली, ‘‘आता हिला कोणीतरी खाणार.’’ तिला गोष्टीचं नाव कोणीही सांगितलेलं नव्हतं.

मित्राने ते तिन्ही श्वास स्कोअरमध्ये स्वल्पविरामासारख्या खुणेने लिहून टाकले आहेत. आता कॉम्प्युटरवर ती जागा वाजवली तर पूर्वीपेक्षा तुटक वाटते, आणि त्याला त्याची फिकीर राहिलेली नाही.

आपल्याकडे स्वतःची रचना दाखवायला आलेल्या माणसाला बहुतेक वेळा ‘छान आहे’ एवढंच ऐकायला मिळतं. वाद्यवृंदासाठी लिहिणारे मराठी हौशी कमी आहेत, त्यांना ऐकवायला घरात श्रोता नसतो आणि शेजारी वादक नसतो. म्हणून दोघांनाही सांगणं आहे. लिहिणाऱ्याने फाइल पाठवून थांबू नये. प्रत्येक वाद्याचा पार्ट छापावा आणि ते वाद्य वाजवणारा एक तरी माणूस गाठून त्याच्यापुढे ठेवावा, मग तो बँडमधला क्लॅरिनेटवाला असो की चर्चमधला व्हायोलिनवाला. आणि तुम्ही वाजवणारे असाल, तुमच्या दारात असा कोणी कागदांची चळत घेऊन आला, तर त्याला नुसती शाबासकी देऊन परत पाठवू नका. पेन्सिल मागा, वाजवून बघा आणि अडलं तिथे बारचा नंबर लिहून द्या.