रशियन आडनावांची जडणघडण

इवानोव, पेत्रोव, इल्यिन ही आडनावे मुळात 'कोणाचा?' या प्रश्नाची उत्तरे आहेत. 'ओव', 'एव' आणि 'इन' हे रशियन भाषेतले मालकी दाखवणारे प्रत्यय. इवानचा तो इवानोव. नाव 'आ'कारान्त असेल तर 'इन', म्हणून इल्याचा इल्यिन. पंधराव्या शतकात चौल बंदरात उतरून जुन्नर, बिदरपर्यंत गेलेला त्वेरचा व्यापारी अफनासी निकितिन याचे आडनाव आज कुळाचे वाटते. त्याच्या काळात मात्र त्याचा अर्थ 'निकिताचा मुलगा' एवढाच होता.

बापाची ओळख दरवेळी बाप्तिस्म्याच्या नावानेच होई असे नाही. कुझनेत्सोव लोहाराचा, गोंचारोव कुंभाराचा, तर वोल्कोवच्या मुळाशी लांडगा आहे. सर्वांत बोलकी आहेत ती जुनी घरगुती नावे. त्रेत्याक म्हणजे तिसरा मुलगा, त्यावरून त्रेत्याकोव. नेक्रास म्हणजे कुरूप. आपल्याकडच्या दगडू-धोंडूसारखेच हे नाव बाळाला दृष्ट लागू नये म्हणून ठेवत. कवी नेक्रासोव यांचे आडनाव त्यावरूनच आले.

आडनाव कधी मिळणार, हे माणूस कोणत्या वर्गात जन्मला त्यावर ठरे. सरदार घराण्यांना ते आधी मिळाले, आणि पुष्कळदा जहागिरीवरून: व्याझ्माचे व्याझेम्स्की, शुयाचे शुयस्की. पाद्र्यांच्या मुलांना ते सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या विद्यालयात, बहाल होई. कुणाला चर्चच्या सणावरून उस्पेन्स्की, तर कुणाला लॅटिन शब्दावरून. खेड्यातल्या पाद्र्याचा एक हुशार मुलगा व्लादिमिरच्या सेमिनरीत 'आशा' या अर्थाच्या लॅटिन धातूवरून स्पेरान्स्की झाला आणि पुढे झार पहिल्या अलेक्झांडरचा मोठा सल्लागार म्हणून गाजला. शेतकरी सर्वांत मागे राहिले. 1861 मध्ये भूदासप्रथा संपली तेव्हा त्यांच्यातल्या असंख्य कुटुंबांना कागदोपत्री आडनावच नव्हते. मग कुणी आजोबांचे नाव लावले, कुणी गावाचे, तर कुणी जुन्या जमीनदाराचेच. 1888 मध्ये आडनाव लावणे कायद्याने कर्तव्य ठरले.

उत्तरेत आणि सैबेरियात चेर्निख, सेदिख अशी 'इख'ने संपणारी आडनावे भेटतात. 'काळ्यांच्या घरातला', 'पिकल्या केसांच्या घरातला' असा त्यांचा अर्थ. ती स्त्री-पुरुष दोघांना सारखीच लागतात. युक्रेनी वळणाच्या शेवचेंकोचेही तसेच. बाकी बहुतेक आडनावे मात्र लिंगानुसार बदलतात: नवरा करेनिन, बायको करेनिना, भाऊ टॉल्स्टॉय, बहीण टॉल्स्टाया.