‘एंड’ म्हणजे नुसतं संपणं नव्हे

मंडळी, आमची धाकटी इथल्या जपानी शाळेत चौथीत आहे. मध्यंतरी घरी एक जुना इंग्रजी चित्रपट पाहत होतो. शेवटी पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘द एंड’ आलं आणि तिने विचारलं, “एंडला मराठीत काय म्हणतात?” “अंत,” आम्ही म्हणालो. “सारखंच तर आहे! कोणी कोणाचं कॉपी केलं?”

आम्ही हसलो खरे, पण प्रश्न डोक्यात राहिला. रविवारी शब्दकोश घेऊन बसलो. जे सापडलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं.

कोणी कोणाचं कॉपी केलेलं नाही. दोघे चुलतभाऊ आहेत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच घराण्यातल्या असाव्यात, असं विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्यात मांडलं. त्याच घराण्यात पुढे इंग्रजी आणि जर्मनही बसल्या. जुन्या इंग्रजीतला ‘एंडे’, आजच्या जर्मनमधला ‘एंडे’ आणि आपला ‘अन्त’ यांचं मूळ एकच मानतात. गंमत म्हणजे त्या मुळाचा अर्थ ‘शेवट’ नाही. तो आहे ‘कपाळ’, ‘पुढची बाजू’! लॅटिनमधला ‘अँटे’ म्हणजे पुढे आणि ग्रीकमधला ‘अँटी’ म्हणजे समोर, हेही त्याच कुटुंबातले. पुढची बाजू म्हणजे कड, कड म्हणजे टोक, आणि टोक म्हणजे शेवट, असा हा प्रवास. आपल्या ‘सीमांत’ आणि ‘दिगंत’मध्ये तो कडेचा अर्थ अजून शाबूत आहे.

‘एंड’चा आणखी एक अर्थ आहे, हेतू. साधन आणि साध्य यांतल्या साध्याला इंग्रजीत ‘एंड’च म्हणतात. आपल्याकडेही तसंच. ‘वेदान्त’ म्हणजे वेदांचा शेवटचा भाग, आणि वेदांचं सारही. ‘सिद्धान्त’ म्हणजे विचार करून करून जिथे पोचलो ते ठिकाण. तेव्हा अंत म्हणजे जिथे पोचायचं ते, असाही अर्थ निघतो.

एवढा चांगला शब्द, पण आपल्या घरात तो कोणी उच्चारू देत नाही. नारळ आपण फोडत नाही, वाढवतो. मंगळसूत्र तुटत नाही, वाढतं. घरातून निघताना ‘जातो’ म्हटलं की आई दारातून परत बोलवायची आणि ‘येतो’ म्हणायला लावायची. गणपतीला पाण्यात सोडतानासुद्धा आपण पुढच्या वर्षी लवकर यायचं आमंत्रण देऊन ठेवतो.

जपानला आलो तेव्हा वाटलं, हे सगळं मागे राहिलं. पण ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या लग्नाला गेलो आणि चकित झालो. सूत्रसंचालकाने ‘ओवारी’ म्हणजे ‘समाप्त’ हा शब्द वापरलाच नाही. म्हणाला ‘ओहिराकी’. ‘हिराकु’ म्हणजे उघडणे. समारंभ संपला म्हणण्याऐवजी उघडला म्हणायचं! केकसुद्धा कापत नाहीत. ‘कापणे’ हा शब्द नवराबायकोत नको, म्हणून ‘न्यूतो’, म्हणजे सुरी आत घालणे, असं म्हणतात. नासपतीसारखं फळ असतं त्याला ‘नाशी’ म्हणतात, पण नाशी म्हणजे ‘नाही’ असाही अर्थ होतो. म्हणून जुनी माणसं त्याला ‘आरी नो मी’, म्हणजे ‘आहे’चं फळ म्हणत. आणि घरातून बाहेर पडताना जपानी मूल म्हणतं ‘इत्ते किमास’. शब्दशः अर्थ काय? ‘जाऊन येतो’! आई आतून म्हणते ‘इत्तेराश्शाय’, म्हणजे ‘जाऊन ये’. आमच्या आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे शहाणी माणसं आहेत.”

पण वाचकहो, या गोड बोलण्याची दुसरी बाजूही आम्ही पाहिली आहे. तीन वर्षांपूर्वी पहाटे पुण्याहून फोन आला. आम्ही मुलांना सांगितलं, “आजोबा गेले.” धाकटी तेव्हा लहान होती. तिने विचारलं, “परत कधी येणार?” आमच्यापाशी उत्तर नव्हतं. ‘येतो’ म्हणायला आम्हीच तिला शिकवलं होतं.

पुण्याला पोचलो तर दुसरी पंचाईत. बाबांची खाती कुठे, विम्याचे कागद कुठे, लॉकरची किल्ली कोणत्या डब्यात, कोणालाच ठाऊक नव्हतं. आईने कधी विचारलं नव्हतं, कारण विचारणं अशुभ. आम्ही कधी विषय काढला नव्हता, कारण दोन वर्षांतून एकदा घरी जाणार आणि हे काय बोलणार? आमच्या रजेचे दोन आठवडे कागद शोधण्यात आणि रांगेत उभं राहण्यात गेले. आईजवळ धड बसणंही झालं नाही. ही चुटपुट अजून आहे.

परत आल्यावर इथल्या पुस्तकांच्या दुकानात एक वही दिसली. नाव ‘एन्डिंगु नोतो’, म्हणजे आपला तोच इंग्रजी ‘एंड’. वयस्कर माणसं तीत आपली खाती, औषधं, कोणाला कळवायचं, अंत्यविधी कसे व्हावेत, हे सारं लिहून ठेवतात. या तयारीला ‘शूकात्सू’ म्हणतात. नोकरी शोधण्याच्या धडपडीलाही हाच उच्चार आहे, फक्त लिपीतलं पहिलं अक्षर वेगळं. 2009 साली ‘शूकान आसाही’ या साप्ताहिकाने हा शब्द पुढे आणला, आणि 2011 साली मामी सुनादा या दिग्दर्शिकेने आपल्या वडिलांच्या अखेरच्या दिवसांवर ‘एंडिंग नोट’ नावाचा माहितीपट काढला. जे लोक लग्नात ‘संपलं’ म्हणायला कचरतात, तेच लोक ही वही दुकानातून विकत आणतात.

मागच्या दिवाळीत गेलो तेव्हा आईसाठी साधी दोनशे पानी वही नेली. ‘शेवटची वही’ म्हणायची आमची हिंमत झाली नाही. ‘माहितीची वही’ म्हणालो. दोन दिवस ती टेबलावर तशीच पडून होती. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिलेलं, खाली खाती, किल्ल्या, दूधवाल्याचा हिशेब. शेवटी एक ओळ : ‘माझ्या साड्या मुलींनी वापराव्यात, नुसत्या ठेवू नयेत.’

ते वाचून आम्ही दोघे बराच वेळ गप्प होतो.

मंडळी, आपल्यापैकी बहुतेकांचे आईवडील तिकडे आहेत आणि आपण इथे. पुढच्या फेरीत बॅगेत चॉकलेटं न्यालच, सोबत एक वहीही न्या. आणि एक आपल्यासाठीही आणा. आम्ही आमची सुरू केली आहे. धाकटीने तिच्यावर नाव घातलंय, ‘ओहिराकी’.

बरंय तर मग, येतो.