उतरत्या पाण्याचा हिशेब

जुन्नर तालुक्याच्या पूर्वेस, आणे पठाराच्या अलीकडे वसलेल्या बेल्हे गावी पाऊस बेताचाच पडतो, आणि म्हणून सह्याद्रीच्या कुशीतील धरणांत पाणी किती चढले याची चौकशी तेथील शेतकरी मोठ्या आस्थेने करीत असतो. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या पाचही धरणांचे आकडे पावसाळ्यात रोज प्रसिद्ध होतात खरे. परंतु तो हिशेब कालव्याचा असतो, पुढच्या आवर्तनास किती पाणी उरले एवढेच त्यातून कळते. त्याच पाण्यात ज्यांची मासळी वाढते, त्यांना त्याहून निराळे काही कळावयास हवे.

घोड नदीवरील डिंभे धरणाच्या, म्हणजे हुतात्मा बाबू गेनू सागराच्या, पाण्याखाली खोऱ्यातील सुपीक भातजमीन गेली. ज्या आंबेगावाने तालुक्यास नाव दिले ते गावही गेले. विस्थापित झालेल्या महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी कुटुंबांनी डोंगरउतारावर दगडी बांध घालून पडकईची भातखाचरे काढली, आणि ज्या जलाशयाने जमीन हिरावून घेतली त्याच जलाशयात मच्छीमार सहकारी संस्था उभी करून मासेमारीचा हक्क मिळविला. या कामात त्यांच्या पाठीशी राहिलेल्या ‘शाश्वत’ संस्थेस २०१२ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. अशा आदरणीय उद्योगाचे सारे गणित पाण्याच्या पातळीवर बेतलेले आहे.

दरीचा आकार नरसाळ्यासारखा, वर विस्तीर्ण आणि खाली अरुंद, असल्यामुळे तुडुंब भरलेल्या जलाशयातून जेवढे पाणी सोडल्याने पातळी जेमतेम उतरते, तेवढेच पाणी वैशाखात सोडले तर ती कितीतरी अधिक खाली जाते. शिवाय उथळ पाणी लवकर तापते, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंश सेल्सिअसला एका लिटरात सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांस साडेसातच. रात्रभर वनस्पती आणि जीवजंतू त्यातलाही वापरत राहतात, म्हणून मासे पहाटे पृष्ठभागी येऊन तोंड उघडतात. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या, तर मृगळ तळाशी चरतो. पाणी आटले की हे तिन्ही थर एकमेकांत मिसळून जातात. मत्स्यबीज पिंजऱ्यात वाढवून त्याची बोटुकली करावयाची, तर पिंजऱ्याखाली पुरेशी खोली राहिली पाहिजे; अन्यथा जाळी गाळास टेकते आणि सारी मेहनत वाया जाते.

पातळी मोजण्याची साधने साधी आहेत. भिंतीवर रंगविलेली मोजपट्टी सर्वांत जुनी. परंतु वाऱ्याने लाटा उठल्या की तिचे वाचन डळमळते, यासाठी नळीने जलाशयाशी जोडलेल्या विहिरीत तरंग ठेवतात, जेथे पाणी निश्चल राहते. आता रडारचे यंत्र वरूनच अंतर मोजते. बेल्हे परिसरातील शेततळ्यांना मात्र खुणा केलेला एक खांबही पुरे होतो: दहा गुंठ्यांच्या तळ्यात पातळी एक सेंटिमीटर उतरली, तर सुमारे दहा हजार लिटर पाणी गेले. प्लास्टिकचे अस्तर शाबूत असेल आणि उपसा बंद असेल, तर ते बाष्पीभवनानेच गेले, एवढा निष्कर्ष शेतकऱ्यास घरबसल्या काढता येतो.

डिंभ्याच्या काठी, पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर पीक घेणाऱ्यांनाही पातळीचा हाच आकडा हवा असतो, किंबहुना तो कोणत्या गतीने बदलणार हे हवे असते. माझी सूचना एवढीच की, आवर्तन सोडण्याचा हुकूम निघताच पुढील पंधरवड्यात पातळी किती मीटर उतरेल याचा अंदाज, आणि त्या पातळीस किती क्षेत्र उघडे पडेल याचा तक्ता, मच्छीमार संस्थेच्या दप्तरी आणि काठावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत पोचता करावा. पातळी आणि क्षेत्रफळ यांचे कोष्टक पाटबंधारे खात्याजवळ असतेच. आणि तेवढी मुदत मिळाली, तर पिंजरे खोल पाण्यात ओढून नेता येतात व गाळपेरीचे बियाणेही वेळेवर आणता येते.