घरात आहे ते, आणि घरात नाही ते

‘आम्ही पोरांना शाळेत घालणार नाही, घरीच शिकवणार’ असं आमच्या देवगाव रंगारीत कोणी म्हणालं, तर ऐकणारा लगेच विचारेल, ‘का हो, ऊसतोडीला निघालात काय?’ शाळा सुटते ती परिस्थितीमुळे, हा आपला अनुभव. पण शिकलेले, शाळा परवडणारे आई-बापही विचारपूर्वक मुलांना घरी शिकवतात. अमेरिकेतल्या अनेक कॅथलिक घरांत ही रीत रुजली आहे. आज तिच्याविषयी बोलू, कारण त्यामागचा प्रश्न आपल्याही घरातला आहे.

याचं नवल वाटतं, कारण कॅथलिक म्हटलं की आपल्याला शाळाच आठवते. गावोगावच्या ‘कॉन्व्हेंट’ त्यांच्याच. आपल्या भागात घोगरगावला १८९२ मध्ये त्यांच्या मिशनचं काम सुरू झालं, तेव्हापासून धर्मशिक्षण आणि अक्षरओळख बरोबरीनं चालली. मग शाळा उभारणाऱ्या या समाजातल्या काही घरांनी शाळेकडे पाठ का फिरवली?

याचं उत्तर त्यांच्या धर्मविचारातच सापडतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ मध्ये शिक्षणावर एक जाहीरनामा काढला. मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आई-बापच, असं त्यात स्पष्ट सांगितलं आहे. १९८३ च्या चर्चच्या कायद्यात म्हटलं आहे की, मुलांना कॅथलिक शिक्षण देणाऱ्या शाळेत घालावं. ते जमत नसेल तर शाळेबाहेर त्या शिक्षणाची सोय करणं हे पालकांचं कर्तव्य आहे. घरच्या शाळेला आधार मिळाला तो इथं.

बाकीचं काम परिस्थितीनं केलं. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांत पन्नास लाखांहून अधिक मुलं होती. नन्स अगदी तुटपुंज्या मानधनावर शिकवीत. पुढं नन्सची संख्या घटली, पगारी शिक्षक आले, फी वाढली, कित्येक शाळा बंद पडल्या. सरकारी शाळेत धर्मशिक्षण नाही आणि चर्चची शाळा खिशाला झेपत नाही, अशा कात्रीत सापडलेल्या घरांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावरच शाळा मांडली. १९९३ पर्यंत तिथल्या सर्व राज्यांत घरी शिकवणं कायदेशीर झालं. व्हर्जिनियातली ‘सेटन होम स्टडी स्कूल’ अशा घरांना पुस्तकं, रोजच्या पाठांचा आराखडा आणि चाचण्या पुरवते. शिकवायचं काम बहुधा आईकडे असतं. प्रार्थना, मग गणित, वाचन, इतिहास; आणि ज्या संताचा सण असेल त्याची गोष्ट.

मराठीला हे सगळंच नवं नाही. इंग्लंडमध्ये जन्मलेले फादर स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांना आपल्या भाषेत ऐकायला-वाचायला काही हवं होतं, म्हणून त्यांनी ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. ते १६१६ मध्ये छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्या, आणि त्याही मराठीत! लेकरांच्या कानावर धर्म पडायचा तो ओवीतून. त्याच सुमाराचे श्रीगोंद्याचे शेख महंमद हेही ओवीच लिहीत होते. धर्म घरचा असला तरी भाषा सगळ्यांची होती, हे इथं ध्यानात घ्यावं.

आता आपल्या कायद्याकडे वळू. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य, असं तो म्हणतो. पण ते न करणाऱ्या पालकाला शिक्षा सांगत नाही. घरी शिकणाऱ्याला परीक्षेची वाट आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून चौदा वर्षं पूर्ण झालेल्याला दहावी देता येते. राज्य मंडळाचा ‘सतरा नंबरचा फॉर्म’ तर आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. मुंबईच्या मालविका जोशीला तिच्या आईनं सातवीत शाळेतून काढलं आणि घरी शिकू दिलं. संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधल्या पदकांच्या बळावर २०१६ मध्ये तिला अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला. आयआयटीला मात्र बारावीचा कागद हवा होता. घरी शिकवू पाहणाऱ्यांनी या गोष्टीच्या दोन्ही बाजू पाहाव्यात.

मला या विषयात रस आहे तो एका कारणानं. आमच्या घरात दखनी बोलली जायची. सकाळी मकतबमध्ये कुरआनचं वाचन, मग जिल्हा परिषदेची शाळा. दीन मला घरानं आणि मकतबनं दिला, मराठी शाळेनं दिली. अब्बांना मराठी लिहिता येत नव्हतं. त्यांनी मला घरीच शिकवलं असतं, तर त्यांच्याजवळ होतं ते सारं मिळालं असतं. जे नव्हतं ते कुठून मिळालं असतं? शेजारच्या बाकावरचा मराठ्याचा पोरगा, मागच्या बाकावरचा बौद्ध मित्र, डब्यातली एकमेकांची भाकरी, आणि आज मी लिहितो ती भाषा, हे सगळं घराबाहेरचं.

एक भीतीही आहे. आपल्याकडे सातवी झाली की मुलीला घरी बसवतात. उद्या तिच्या बापाला ‘घरीच शिकते’ हे छान उत्तर सापडेल. शिकणं नावाला आणि कामाला मात्र धुणं-भांडी. ही घरातली शाळा नव्हे.

म्हणून घरी शिकवू म्हणणाऱ्या कोणत्याही धर्माच्या आई-बापानं स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. मुलाच्या हातात परीक्षेचा रस्ता आहे का? घरात जे येत नाही, ते शिकवायला बाहेरचं कोणी आहे का? आणि आपल्यापेक्षा वेगळ्या घरातल्या पोरांबरोबर ते रोज खेळतं का? तिन्हींची उत्तरं ‘हो’ असतील, तर स्वयंपाकघरातलं ते टेबलही शाळाच आहे. एखादं जरी ‘नाही’ असेल, तर सकाळची प्रार्थना, नमाज किंवा आरती घरी उरकून पोराच्या पाठीवर दप्तर द्यावं. कायद्यानं त्याला वयानुसार वर्गात बसवून घ्यायलाच हवं.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)